साठीची पंगत

आमच्या पिढीत खेड्यात जन्मलेल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे, आणि गुरुजी सोयीची म्हणून १ जून लिहून टाकत. आमचा मित्र त्यांतलाच. कागदावर जन्म १ जून १९६५. आई तिथी वेगळी सांगायची, पण नोकरीपासून निवृत्तीपर्यंत सगळीकडे हीच तारीख चालली. म्हणून २०२५ च्या १ जूनला त्याची साठी धरली. तेव्हा आम्ही चार कुटुंबं मिळून वाशीम जिल्ह्यात फिरत होतो. कारंज्याचं गुरुमंदिर, शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ, वाशीमचा बालाजी असा बेत होता. संध्याकाळचं जेवण कुठे घ्यायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

पुण्या-मुंबईत अशा वेळी जागा शोधण्यातच जीव जातो. दिवे, सजावट, केकची सोय, फोटो कसे येतील. वाशीम हे वाकाटकांच्या वेळचं वत्सगुल्म, एका शाखेची राजधानी. पण जिल्ह्याचं ठिकाण झालं ते १९९८ मध्ये, आणि हॉटेलांची गर्दी इथे अजून झालेली नाही. शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावरून खाली उतरल्यावर ढाबे लागतात, शहरात काही चांगली भोजनालयं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी व आत पडदे लावलेला फॅमिली विभाग. पर्याय थोडे असले की जागांची तुलना लवकर संपते आणि ज्याच्यासाठी जेवण आहे त्या माणसाचा विचार सुरू होतो. मला ते फार मोलाचं वाटलं.

मित्राला एका कानाने कमी ऐकू येतं. गाणी लावलेल्या हॉलमध्ये तो नुसता हसून मान हलवत बसतो, हे मी लग्नांत पाहिलेलं आहे. त्याच्या बायकोचे गुडघे दुखतात, म्हणजे तिला पाठीची खुर्ची हवी. आमच्यातला एक जैन, शिरपूरला मुद्दाम त्याच्यासाठी गेलो होतो. तो सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही, कांदा-लसूण नाही, वांगंही नाही. जूनच्या सुरुवातीला इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. हॉटेलं तर तेव्हा कुठे गजबजू लागतात. मित्रासाठी द्यायच्या जेवणात त्याच्याच जिवलगाने ताटावर न बसता पाणीही न घेता बघत राहावं, हे मला पटेना.

शिवाय दुसरी एक गोष्ट मनातून जाईना. साठ संवत्सरांचं चक्र पुरं होऊन जन्माचं संवत्सर परत येतं, म्हणून साठीला आपल्याकडे मान आहे. १९६५ च्या पाडव्याला विश्वावसु लागलं होतं, २०२५ च्या पाडव्याला पुन्हा विश्वावसु. कुणी उग्ररथ शांती करतं, कुणी करत नाही; पण जेवण असतंच, आणि ते ज्याची साठी आहे त्याने इतरांना घालायचं असतं. हॉटेलात आपण हे उलटं करतो. त्याला मधल्या खुर्चीत बसवतो, मेनूकार्ड त्याच्या हाती देतो, बिल त्याला दिसू देत नाही. हेतू प्रेमाचाच असतो. पण आयुष्यभर घरच्या पंगतीत वाढत आलेल्या माणसाला त्यात करायला काही उरत नाही.

आमच्या गाडीचा चालक मालेगाव तालुक्यातला. त्यानेच सुचवलं, ‘‘साहेब, रोडगे करा ना. आचारी मी सांगतो, शेत आमचं हाय.’’ जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, त्याच्या तेल लावून एकात एक घातलेल्या पुऱ्या, त्यांचा गोळा, आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वरण, वरून तूप. वऱ्हाडात देवाच्या नवसाला, शेतातल्या कार्याला हेच जेवण. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता, त्यामुळे टिनाचं छप्पर आहे ना एवढं मी आधी विचारून घेतलं. खुर्च्या मागवल्या. जैन मित्रासाठी वरण आणि दोडक्याची भाजी वेगळ्या भांड्यांत, आणि त्याचं पान साडेसहाच्या आत.

रोडगे भाजायला वेळ लागतो, हेही बरंच झालं. हॉटेलात ऑर्डर दिल्यावर माणसं मोबाइल काढतात. इथे सगळे निखाऱ्याभोवती उभे राहिले, आणि मित्र आचाऱ्याला विचारून विचारून रोडगे उलटत होता. मग तूप त्याने स्वतः वाढलं. प्रत्येकाजवळ जाऊन, वाकून, दोन शब्द बोलून. त्या शांततेत त्याला प्रत्येकाचं ऐकू येत होतं. चालकाच्या घरची माणसं, शेजारच्या शेतातला गडी, आचाऱ्याची दोन पोरं, सगळी पंगतीत बसली. मित्र सगळ्यांत शेवटी, आचाऱ्याबरोबर जेवला.

पैसे आम्ही तिघांनी आधीच काढून ठेवले होते. त्याने ते घेऊ दिले नाहीत. आचाऱ्याचा हिशोब त्याने चुकता केला, आणि आम्ही हट्ट धरला नाही.