नामावलीची रुजुवात

संगणकाची कार्यप्रणाली बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्य आपले लेखन, छायाचित्रे आणि जुना पत्रव्यवहार यांची तजवीज आधी करतो. ई-मेलच्या पत्त्यांची वही मात्र त्याला सर्वांच्या शेवटी आठवते. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार संपला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही, तेव्हा धडधाकट यंत्र टाकून देण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवावे असा विचार पुष्कळांनी केला. अशा स्थलांतरात पत्रे सुखरूप पोहोचतात आणि नामावली रिकामी दिसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भरलेली दिसून चुकीची निघते. या बिघाडाची दुरुस्ती हे केवळ तंत्रज्ञाचे काम नव्हे. आपल्या ताब्यातील माहिती खरोखर आपली कोणत्या अर्थाने असते, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

शोधाचा क्रम ठरलेला असावा. प्रथम पाहावयाचे ते दप्तर जागेवर आहे की नाही. विंडोजवरील आउटलुक एक्सप्रेस हा जुना ई-मेल कार्यक्रम आपले पत्ते ‘वॅब’ नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवीत असे. ती फाइल लिनक्सवर जशीच्या तशी आणून ठेवली तरी तेथील थंडरबर्ड या ई-मेल कार्यक्रमाला ती वाचता येत नाही, म्हणून जुनी प्रणाली पुसण्यापूर्वीच तिच्यातील मजकूर सर्वांना वाचता येईल अशा रूपात काढून घ्यावा लागतो. दोन्हीकडे थंडरबर्डच असेल तर त्याचे प्रोफाइल फोल्डर सबंध उचलून नेणे हा सरळ मार्ग होय. फाइल जागेवर असूनही वही उघडत नसेल, तर दुसरा प्रश्न अधिकाराचा: नक्कल करताना प्रशासकाचे खाते वापरले असेल, तर लिनक्स त्या फाइलची मालकी प्रशासकाकडेच ठेवते आणि सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्याच नामावलीत फेरफार करता येत नाही. मालकी बदलून दिली की हा अडसर दूर होतो.

तिसरा प्रश्न अर्थाचा, आणि खरी हानी येथेच होते. स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये कोणता रकाना कशाचा, हे सांगण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर येते. थंडरबर्डच्या जुन्या आवृत्त्यांत पहिले नाव, आडनाव आणि दर्शनी नाव यांना जागा होती, परंतु मधल्या नावाला नव्हती; त्यामुळे ज्या समाजात वडिलांच्या किंवा पतीच्या नावावाचून एकाच नाव-आडनावाचे दोन गृहस्थ वेगळे ओळखता येत नाहीत, त्या समाजाची नामावली तेथे पोहोचताना तिच्यातील ओळखीचा एक अंश निमूटपणे गळून पडे. पुष्कळ सभासदांना एकदम पत्र धाडण्यासाठी केलेल्या याद्याही सीएसव्हीत उतरत नाहीत. त्यांच्यासाठी एलडीआयएफ हा प्रकार निवडावा लागतो.

देवनागरीत लिहिलेल्या नावांची परीक्षा याहून कठीण असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. वाचणाऱ्या कार्यक्रमाने पश्चिम युरोपीय लिपीची सारणी गृहीत धरली, तर एकेका चिन्हाच्या जागी स्वरचिन्हांकित परकी अक्षरे उमटतात. ते दृश्य भयंकर असले तरी मूळ शाबूत असते. योग्य सारणी सांगून फाइल पुन्हा वाचली की नावे परत येतात. परंतु जेथे निर्यात करणाऱ्या कार्यक्रमानेच जुन्या, युनिकोडपूर्व सारणीतून मजकूर लिहिला, तेथे प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह पडते, कारण मराठीसाठी विंडोजमध्ये तशी सारणी नाहीच. आणि ही हानी पुढे कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. वाचनातील दोष आणि लेखनातील नाश यांतील हा भेद ओळखणे हेच निदानाचे मर्म होय.

वाचनाचा असा दोष जुन्या कागदांनाही जडतो. पेशवे दप्तरातील कागद शाबूत होते, परंतु मोडी लिपी वाचणारे विरळ होत गेल्यावर ते सामान्य वाचकाला असून नसल्यासारखे झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादून छापविले, तेव्हा ते पुन्हा लोकांचे झाले. कागद राखणे आणि कागदाचा अर्थ राखणे ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत. जी नोंद एकाच कार्यक्रमाला वाचता येते, तिचा ताबा आपल्याकडे असला तरी मुखत्यारी त्या कार्यक्रमाकडे असते.

म्हणून सर्वांना खुल्या असलेल्या रूपाचा आग्रह धरला पाहिजे. व्हीकार्ड हे असे रूप आहे: १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याला इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळाले, २०११ च्या चौथ्या आवृत्तीने यूटीएफ-८ अनिवार्य केले, आणि त्यातील नावाच्या पाच घटकांत आडनाव व स्वतःचे नाव यांच्यानंतर अधिक नावांसाठी स्वतंत्र स्थान राखले आहे, जेथे वडिलांचे नाव सन्मानाने बसते. मात्र रूप चांगले आहे एवढ्यावर विसंबू नये. जुनी प्रणाली चालू आहे तोवरच दोन्हीकडील नोंदींची संख्या जुळवावी, आणि देवनागरी नाव, वडिलांचे नाव व दोन पत्ते असलेली एखादी नोंद मुळाशी ताडून पाहावी. ही रुजुवात झाल्याशिवाय मूळ प्रत पुसू नये.

एवढ्या काटेकोरपणाचे कारण सोयीपुरते नाही. नामावलीतील प्रत्येक पत्ता कोणीतरी आपल्याला विश्वासाने दिलेला असतो. तो आपला असला तरी केवळ आपला नसतो. यंत्र आणि कार्यप्रणाली यांची निवड करण्यास आपण मुखत्यार आहोत, परंतु दुसऱ्याने सोपविलेले त्याचे नाव त्याच्या पूर्ण स्वरूपात जतन करण्याच्या बाबतीत आपण विश्वस्त आहोत, आणि विश्वस्ताने ठेव एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविताना ती मोजून, पारखून मगच हलवावी.