जमिनीखालचे वाचताना

हे परमेश्वरा,

आइसलँडच्या उत्तरेला, क्राफ्ला ज्वालामुखीवर, माझ्या संशोधनाच्या या भूमीवर मी तुला हात जोडते. मी सह्याद्रीतली. आमचा काळा कातळही तुझ्याच अग्नीतून आला, पण तो निवून साडेसहा कोटी वर्षे लोटली. इथे तुझे काम अजून चालू आहे. १९७५ ते १९८४ या काळात इथली जमीन हळूहळू फुगे आणि एकाएकी खचे. नऊ वेळा ती फाटून लाव्हा वर आला. त्याच धामधुमीत माणसांनी इथे भूऔष्णिक वीजकेंद्र उभे केले, आणि त्याच उष्णतेच्या वाफेवर ते आजही चालते. भय आणि ऊब एकाच हाताने देणाऱ्या देवा, मी तुझी ऋणी आहे.

ऋणी आहे ती यासाठीही, की जमिनीखाली डोकावण्याची वाट तू उघडी ठेवलीस. सूर्यावरून येणारा सौरवारा आणि विषुववृत्ताकडे कडाडणाऱ्या विजा यांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सतत डळमळते, आणि खडकांत बारीक विद्युतप्रवाह जागे होतात. जमिनीत पुरलेले इलेक्ट्रोड आणि चुंबकीय कॉइल त्यांची नोंद घेतात. खोलवरचा कुठला थर वीज सहज वाहू देतो आणि कुठला अडवतो, हे त्या नोंदींवरून उमगते.

पण देवा, वीज वाहू देणारा थर कशाचा आहे, हे नुसत्या नोंदी सांगत नाहीत. तिथे खारे गरम पाणी असेल, शिलारस असेल, किंवा गरम पाण्याने खडकाची झालेली चिकणमाती असेल. त्याच नोंदींना जुळणारी कितीतरी चित्रे निघतात. त्यांतले मला हवे तेच खरे मानण्याच्या मोहातून मला वाचव. मोजलेले किती आणि मानलेले किती, हे माझ्या प्रबंधाच्या पानापानावर स्पष्ट दिसू दे. परीक्षकांना भावावे, पुढचे अनुदान मिळावे, म्हणून नकाशावरची एकही रेघ माझ्या हातून जास्त गडद होऊ देऊ नकोस.

२००९ साली इथेच चार किलोमीटरहून खोल नेण्यासाठी खणलेली विंधनविहीर सुमारे २.१ किलोमीटरवरच शिलारसात शिरली. जमिनीवरून केलेल्या मोजणीत तो तिथे दिसला नव्हता. त्या माणसांनी हात टेकले नाहीत. निवून काच झालेले त्याचे तुकडे त्यांनी तपासले, विहिरीतून ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली वाफ वर आणली, आणि अंदाज कुठे चुकला तेही जगापुढे मांडले. तसे निर्मळ मन मला दे.

दयाळा, कोलंबियातल्या आर्मेरोच्या लोकांना शांती दे. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेवादो देल रुईसच्या उद्रेकाने शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाच्या लोंढ्याने ते गाव गिळले. वीस हजारांहून अधिक माणसे गेली. धोक्याचा नकाशा तयार होता. तो वेळेत माणसांपर्यंत पोचला नाही. ज्वालामुखींचे अभ्यासक मॉरिस आणि कात्या क्राफ्त यांनाही शांती दे. ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर त्यांचा अंत झाला. पण ज्वालामुखीचे धोके दाखवणारी त्यांची चित्रफीत तेव्हा फिलिपिन्समध्ये दाखवली जात होती, आणि तिथल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या पायथ्याच्या लोकांना संकट पटायला तिची मदत झाली. १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो लोक घरे सोडून निघाले आणि वाचले.

माझ्या विद्येलाही असेच माणसांच्या दारापर्यंत जाऊ दे. शेतकऱ्याला, शाळेतल्या बाईंना, गावच्या प्रमुखाला समजेल अशी भाषा मला दे. विवराच्या काठावर यंत्रे लावायला जाणाऱ्या माझ्या सोबत्यांना सुखरूप ठेव. आणि एखाद्या डोंगराखाली राहणारी माणसे उद्या माझ्याकडे पाहून विचारतील, निघायचे की थांबायचे, तेव्हा खात्री असेल तिथे उशीर न करता आणि खात्री नसेल तिथे न लाजता, तसे सांगण्याचे धैर्य मला दे.