मेंढरांचं कुत्रं मेंढरांतच वाढव

पिंपळगाव बसवंत

चि. भाच्यास,

पत्रास कारण की, मोबाइलवर शिट्टीसरशी कळप वळवणारं बॉर्डर कॉली पाहून तसलंच पिल्लू विकत घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं आक्का म्हणाली. घाई करू नकोस. ती जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची, थंड हवेतली, आणि तिचं काम मेंढरं वळायचं. आपल्याकडं वळायला तुझी हाळी पुरते. रात्रीची राखण मात्र एकट्यानं होत नाही, कारण निफाडच्या उसात बिबट्या आहे. चंदनपुरीला बाणाईची मेंढरं राखणाऱ्या खंडोबाजवळही कुत्रंच आहे. आपलं गावठी कुत्रं राखणीचंच.

पिल्लू वाड्यावरच्या कुत्रीचंच घे, आणि आधी त्याची आई बघ. पहिले आठ आठवडे ते आईपाशी राहू दे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौथ्या महिन्यापर्यंत ते ज्यांच्यात वावरतं, त्यांनाच जन्मभर आपलं मानतं. म्हणून ते पोरांच्या खेळण्यात जाऊ नये. त्याला वाघरीच्या जाळीत, गरीब स्वभावाच्या मेंढीजवळ ठेव; भाकरी तिथंच, झोपही तिथंच. तू मात्र रोज अंगावरून हात फिरव, दोरीनं चालव, तोंड-पाय तपास, म्हणजे पुढं डॉक्टरला हात लावू देईल.

थोडं मोठं झालं की कोकरांमागं धावेल, लोकर ओढेल. तेव्हा कौतुकानं हसू नकोस. त्याच क्षणी दरडाव. मागाहून मारलंस तर मार कशाचा, हे त्याला कळत नाही. ऐकेना, तर मोठ्या मेंढ्यांत सोड, एखादी ढुशी देऊन अक्कल शिकवते. दीड-दोन वर्षांचं होईस्तोवर जाणत्या कुत्र्याच्या जोडीनंच रात्र काढू दे.

बिबट्याला कुत्रं फार आवडतं. उसाच्या कडेला बांधून ठेवलेलं कुत्रं म्हणजे आमिष. वाघर उसापासून लांब लाव, दोन-तीन कुत्री मोकळी ठेव, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाल. बिबट्या नरडंच धरतो. कुत्र्यानं भुंकून तुला उठवायचं, झुंजायचं नाही. भुंकलं की बॅटरी घेऊन तू बाहेर ये.

आमच्या शिवारात आणखी एक जप. इथल्या कांदा आणि द्राक्ष या दोन्ही पिकांचं कुत्र्याशी वैर आहे. कांद्यानं त्याचं रक्त नासतं, द्राक्षानं आणि बेदाण्यानं मूत्रपिंड जातं. कांद्याचं कालवण त्याच्या भाकरीवर ओतू नकोस आणि बागेकडेला टाकलेल्या द्राक्षांच्या ढिगाकडं फिरकू देऊ नकोस.

मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढराची मुंडी आणि काळीज-फुप्फुसं कच्ची घालू नकोस. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर पडतात. तो चारा खाल्ला की मेंढीच्या मेंदूत गाठ धरते, मान वाकडी करून ती एकाच जागी गरगर फिरते. काळजा-फुप्फुसातही अशा गाठी धरतात, आणि तो रोग माणसालाही होतो. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध दे. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोच, मग दरवर्षी.

विलायती पिल्लाचे पैसे वाचव. त्यातच पट्टा, औषध, लस सगळं बसेल. आक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा