आतलं फूल

पॉलिमर क्लेचा सुपारीएवढा गोळा हातात घ्या. पांढरा घेतलात तर आधी हात स्वच्छ धुवा. बोटांवरची धूळ, आधी मळलेल्या एखाद्या लाल गोळ्याचा अंश, सगळं तो उचलून घेतो. आता मळायला लागा. सुरुवातीला तो वाकवला की कडेला भेगा पडतात. पडू द्या. तळव्यांची ऊब हळूहळू आत पोचते आणि थोड्या वेळाने तो न तुटता ताणला जातो.

हिला क्ले म्हणतात, पण ही माती नव्हे. पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग. पाणी नाही, म्हणून वाळण्याचं भय नाही. काम अर्धवट ठेवून उठलात आणि परवा परत बसलात, तरी ते होतं तसंच सापडेल. धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवा, एवढंच. हवेचा इथे धाक नाही, तेव्हा श्वासही सावकाश घ्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रुझे यांच्याकडे बाहुल्यांच्या डोक्यांसाठी असं एक द्रव्य आलं. त्यांच्या कामाला ते उतरलं नाही. मुलगी सोफीने मात्र ते हाती घेतलं, आणि त्यातूनच पुढे ‘फिमो’ ही पॉलिमर क्ले आली.

आता फूल करायचं आहे. पाकळीसाठी गुलाबी वळी घ्या, तिच्याभोवती गडद रंगाचा पातळ पापुद्रा गुंडाळा. तिचे पाच सारखे तुकडे मधल्या पिवळ्या वळीभोवती उभे लावा. पाकळ्यांमधल्या फटी पांढऱ्याने भरा आणि सगळ्याला बाहेरून पांढरं आवरण द्या. ही झाली केन. म्युरानोचे काचकारागीर मिलेफिओरी नक्षीत जे तापलेल्या काचेने करतात, ते तुम्ही टेबलावर, गार हातांनी करता आहात.

इथे थांबा. फूल आत आहे आणि बाहेरून ते दिसत नाही. दिसतो तो साधा पांढरा दंडगोल. तो मध्यावर दाबा, फिरवा, पुन्हा दाबा, मग दोन्ही टोकांकडे हलकेच ओढा. मनगटाएवढी केन बोटाएवढी होते, आणि प्रत्येक पाकळी त्याच प्रमाणात बारीक होत जाते. एकच अट: सगळे रंग सारखे मळलेले हवेत. एक मऊ आणि दुसरा कडक राहिला, तर मऊ रंग पुढे पळतो आणि फूल तिरकं होतं. आपण मघा इतका वेळ मळत बसलो ते यासाठी. पांढरा गोळा कंटाळून अर्ध्यावर सोडला होता का, हे आता केन सांगेल.

केन गार होऊ द्या. कोमट असताना कापली तर चेपते. धारदार पात्याने पहिल्या चकत्या काढा. त्या वेड्यावाकड्याच येतील, टोकाला नक्षी फाकतेच. प्रत्येक चकतीनंतर केन किंचित फिरवा, म्हणजे एकाच बाजूला बसणार नाही. थोडं आत गेलं की फूल स्वच्छ उमटतं. मला हा क्षण फार प्रिय आहे.

वाकड्या चकत्या टाकू नका. हे प्लास्टिक आहे, मातीत मिसळणार नाही. सगळा चुरा एकत्र मळा. त्याच्या मळकट गोळ्यावर चांगल्या चकत्या बसवा आणि तळव्यांत गोल फिरवा, कडा एकमेकींत मिसळेपर्यंत. हा झाला मणी; त्याचा गाभा असाच उरल्यासुरल्याचा असतो. भोक पाडताना सुई गोल फिरवत न्या. टोक पलीकडे डोकावलं की काढा आणि त्या बाजूने पुन्हा घाला, म्हणजे कड फाटत नाही.

मणी तारेवर ओवून ओव्हनमध्ये ठेवा. तापमान पाकिटावर दिलेलं असतं, बहुधा 110 ते 130 अंश सेल्सियस; वेळ साधारण अर्धा तास. ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. त्याच आचेवर दहा मिनिटं जास्त गेली तर बिघडत नाही, पण आच वाढली तर मणी करपतात आणि विषारी धूर सुटतो. बाहेर काढल्यावर ते थोडे लवचीक लागतील. कच्चे समजून पुन्हा आत ढकलू नका. निवले की घट्ट होतात, मग ओवायला घ्या.