पाचवी चिमणी



आपल्या वसईत उपवासकाळ नेमका बहराच्या दिवसांत येतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी यावे, तर अंगणात आंबा मोहरलेला आणि शेवगा फुलांनी लगडलेला असतो. तांबट सकाळपासून टुक टुक करीत असतो, जास्वंदीला शिंजीर उलटे लटकून मध पीत असतो आणि पुढे कोकीळ सुरू झाला की पहाटे कोणाची झोप होत नाही. अशा वेळी आपल्यापैकी काहींच्या मनाला एक प्रश्न बोचतो. प्रायश्चित्ताच्या दिवसांत ओटीवर बसून पाखरे पाहावीत का? शेजारी कोणी खाटेला खिळलेले असताना आपण फुलांत रमावे का?

संत ऑगस्टीन या बाबतीत सावध होते. काही गोष्टी वापरायच्या असतात आणि काहींमध्ये रमायचे असते, असे ते सांगत. खऱ्या अर्थाने रमावे ते परमेश्वरातच. सृष्टी ही घरी नेणारी वाट आहे. प्रवासी वाटेवरच्या मौजेतच रमला तर घर विसरतो. हा इशारा आपण मनात ठेवू. पण त्यावरून कोणी असा अर्थ काढला की जे उपयोगाचे तेवढेच पाहावे, तर तो अर्थ चुकीचा होईल.

उपयोग म्हणजे काय हे वाडीतल्या माणसाला शिकवायला नको. मोगरा आपण कळी असतानाच खुडतो, कारण बाजाराला कळी लागते. उमललेल्या फुलाला दादरला कोण विचारतो? त्यात वाईट काही नाही. त्या कळ्यांवर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, मुले शिकली. पण खुडताना पानाआड एखादी कळी राहून जाते आणि संध्याकाळी उमलते. बाजारात तिची किंमत शून्य. अंगण मात्र तीच सुगंधाने भरून टाकते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९० सालच्या आपल्या ग्रंथात एक मजेदार उदाहरण दिले आहे. गावाकडची हवा खायला आलेल्या पाहुण्यांना नाइटिंगेल पक्ष्याचे गाणे ऐकवायचे होते. पण पक्षी जवळपास नव्हता. तेव्हा यजमानाने एका खट्याळ पोराला झुडपात लपवून बोरूने हुबेहूब तसा आवाज काढायला लावले. पाहुणे खूश झाले. पण फसवणूक कळली की तेच गाणे कोणाला फार वेळ ऐकवत नाही, असे कांट म्हणतात. आवाज तर तोच होता. मग बिघडले काय? आपल्याला फक्त गोड आवाज नको होता. झाडावर एक जिवंत जीव आहे आणि तो आपल्यासाठी नव्हे, आपल्या आनंदाने गातो आहे, याचे आपल्याला सुख होते. मोबाइलमधली कोकिळा आणि आंब्यावरचा कोकीळ यांत फरक आहे तो हाच.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने पाखरे पाचव्या दिवशी निर्माण केली आणि ती चांगली आहेत असे पाहिले. माणूस आला सहाव्या दिवशी. म्हणजे पाखरांचे चांगुलपण आपल्या उपयोगावर ठरलेले नाही. आपण येण्याआधीच ते ठरले होते. प्रभू येशूने शिष्यांना आकाशातल्या पाखरांकडे पाहायला सांगितले. त्याने बाजारभावही सांगितला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब करून पाहा: पाचवी चिमणी फुकट! आणि देवाला त्यांतल्या एकीचाही विसर पडत नाही, असे प्रभू म्हणतो.

आता खाटेवरच्या त्या शेजाऱ्याकडे वळू. जगाच्या हिशेबात तोही पाचवी चिमणीच. तो कमावत नाही, वाडीत राबत नाही, कोणाच्या उपयोगी पडत नाही. ज्याला केवळ उपयोग पाहायची सवय आहे, त्याला या माणसाजवळ दहा मिनिटे बसणे जड जाते. पण ज्याने आपल्या कामाच्या नसलेल्या जिवाकडे पाहून 'तू आहेस हे चांगले आहे' असे मनात म्हणायची सवय केली आहे, तो आजाऱ्याजवळ बसू शकतो. पाखरे तरी कुठे शहाण्यासारखी वागतात? बुलबुल पिकले फळ टोचतात, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. तरी आपण त्यांच्यावर प्रेम करतो. आजारी माणूसही नेहमी गोड बोलत नाही.

म्हणून अंगणातला आनंद आणि शेजाऱ्याची सेवा यांचे वैर नाही. मात्र एक कसोटी आहे. पाखरे पाहत असताना शेजारून हाक आली आणि आपण कपाळाला आठ्या घातल्या, तर ऑगस्टीन यांनी सांगितलेल्या प्रवाशासारखे आपण वाटेतच अडकलो. हाकेसरशी उठता आले, तर आनंद निर्मळ आहे. दुसरी कसोटी अंगणाची. पाखरे आवडतात म्हणायचे आणि गाडी लावायला सगळे अंगण पेव्हर ब्लॉकखाली घालून जांभूळ तोडायचे, हे जुळत नाही.

प्रभूला ज्या कबरेत ठेवले ती एका बागेत होती, असे योहान सांगतो. त्याच बागेत मरिया माग्दालिया रडत उभी होती आणि तिथेच तिला पुनरुत्थित प्रभू भेटला. तिला आधी तो माळीच वाटला. दुःख आणि आनंद एकाच बागेत उभे होते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करू या. रोज दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून अंगणात बसू. गच्ची किंवा गॅलरी असली तरी चालेल. पाखरांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवू आणि ते रोज बदलू. मोगऱ्याची ओंजळभर फुले बाजारासाठी न खुडता उमलू देऊ आणि संध्याकाळी ती घेऊन आजाऱ्याच्या घरी जाऊ. तिथेही घड्याळाकडे न पाहता बसू.

आपला,
प्रमुख धर्मगुरू