कुंडीला पाणी कोणी घालायचे?

घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण प्रेमाने म्हणतो, "तुम्ही आता काही करू नका." पण एवढे प्रेम पुरेसे आहे का?

मानसशास्त्रज्ञ एलन लँगर व ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतील कनेक्टिकटच्या एका वृद्धाश्रमातील पाहणी १९७६ साली प्रसिद्ध केली. एका मजल्यावरील वृद्धांना रोपटे देऊन त्याची निगा त्यांच्यावरच सोपवली. रोजच्या काही गोष्टीही त्यांनीच ठरवायच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालीत. काही आठवड्यांत पहिला गट अधिक आनंदी व उत्साही दिसू लागला.

आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव मनाला उभारी देते. हातातले प्रत्येक काम काढून घेणे म्हणजे सेवा नव्हे. खिडकीतला मनीप्लँट आजीवर सोपवू या. पाणी कधी जास्त झाले, तरी तांब्या तिच्याच हाती राहू द्या.