तण कोणाला म्हणावे?

परसात घोळाचे बी पेरावे की नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी नीतिशास्त्राचा वाटत नाही. शेतकऱ्याला तर तो हास्यास्पदच वाटेल. हिंगोली, वसमत, कळमनुरी ह्या भागातील काळ्या जमिनीत घोळ न पेरताच उगवतो. हळदीच्या सरीत आणि सोयाबीनच्या ओळीत तो तण म्हणून खुरपला जातो. तोच घोळ तुरीच्या डाळीत शिजवला, की ज्वारीच्या भाकरीबरोबर चवीने खाल्ला जातो. मग ‘तण’ हा शब्द वनस्पतीचे वर्णन करतो की केवळ आपल्या सोयीचे?

शुभवर्तमानातील गव्हातल्या निदणाचा दाखला येथे अनेकांना आठवेल. परंतु तो घाईने लागू करणे योग्य नव्हे. ते निदण वैऱ्याने मुद्दाम पेरलेले होते, आणि बहुतेक अभ्यासक ते गव्हासारखे दिसणारे विषारी गवत मानतात. घोळ हे अन्न आहे. माशांच्या तेलासाठी नावाजलेल्या ओमेगा-३ गटातील एक स्निग्धाम्ल त्याच्या पानांत भरपूर असते, हे १९८६ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. त्यात ऑक्झॅलिक आम्लही असते. म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तो जपून खावा. थोडक्यात, घोळ हा निर्दोष देवदूत नाही आणि वैरीही नाही. पीक लहान असताना तो त्याचे पाणी व अन्न घेतो, ही शेतकऱ्याची तक्रारही खरी आहे.

तरीही ह्या भांडणात एक तिसरा पक्ष आहे, आणि त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. खुरपणीला जाणाऱ्या बाया संध्याकाळी मजुरीबरोबर पदरात घोळही घेऊन येत. मालकाच्या लेखी तो कचरा होता. त्यांच्या घरी ती रात्रीची भाजी होती. तणनाशकाची फवारणी आली, तेथे खुरपणीची मजुरी गेली आणि पदरातली भाजीही गेली. ह्या दुसऱ्या नुकसानीची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत नसते.

लेवीय ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात देवाने इस्राएलला आज्ञा केली, की शेताच्या कडा पूर्णपणे कापू नयेत व सरवा वेचू नये. तो गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा. ह्याच आज्ञेच्या आधाराने रूथ बवाजाच्या शेतात गेली. लक्षात घ्यावे, की तेथे धनी भिक्षा वाढत नाही. शेतात गरिबाचा वाटा मुळातच आहे, असे नियमशास्त्र गृहीत धरते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात हाच विचार पुढे नेला: ऐहिक वस्तू सर्वांच्या गरजा भागवण्यासाठी निर्मिल्या आहेत, आणि खाजगी मालकीने हा हेतू रद्द होत नाही.

कोणी म्हणेल, “सरवा हे धन्याचे धान्य होते, घोळ तर कोणीच पेरला नव्हता. मग त्यावर हक्क कसला?” आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु जे कोणीच पेरले नाही, ते मालकाच्या श्रमाचे फळ नाही, हेही त्यातूनच सिद्ध होते. त्यावर त्याचा दावा धान्याहून दुबळा आहे. फवारणी करणारा शेतकरी पापी आहे, असे मी म्हणत नाही. मजुरी, पावसाची ओढ आणि कर्ज ह्यांच्या कात्रीत तो सापडलेला असतो. मात्र गरिबांचा एक वाटा नाहीसा झाला असेल, तर तो दुसऱ्या रूपाने परत करण्याचे ऋण आपणा सर्वांवर राहते.

येथे परसबागेचा विचार येतो. घोळाचे बी काळे व अत्यंत बारीक असते. ते रुजायला ऊब व उजेड लागतो. म्हणून बारीक वाळूत मिसळून ते सपाट वाफ्यावर पसरावे, मातीखाली गाडू नये, आणि झारीने हलके पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात व पाच-सहा आठवड्यांत भाजी खुडता येते. बुडखा राखून कापले, तर ती पुन्हा फुटते. पहाटे खुडलेली पाने आंबट लागतात, संध्याकाळची सौम्य. कारण पाण्याची ओढ असता हे झाड रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते.

मात्र शेजाऱ्याचाही विचार हवा. एका झाडाला हजारो बिया येतात, आणि त्या मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. माझे अन्न त्याच्या शेतात तण होऊ नये, हीही शेजारप्रीतीच आहे. म्हणून बोंडे पिकण्यापूर्वी भाजी खुडावी. बियाण्यासाठी ठेवलेले एखादे झाड बोंडे उघडण्याच्या आत कापून कापडावर वाळवावे. उपटलेले झाड धुऱ्यावर फेकू नये. ओलाव्यात ते पुन्हा मूळ धरते.

ह्या उपायाची मर्यादाही स्पष्ट आहे. ज्या बाईच्या पदरातली भाजी गेली, तिला बहुधा परसच नसते. म्हणून, वाचकहो, वाफा घालाल तेव्हा दोन घाला. दुसऱ्याची भाजी कोणी खुडावी हे तिला आधीच सांगून ठेवा आणि फाटकाची कडी उघडी ठेवा. तिला मागावे लागू नये.